धुणार कोण? एका घरातल्या ज्यूसरच्या निवडीचं प्रकरण

बाबांना पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीची सवय निवृत्तीने लावली आणि रसाची सवय टेकडीने. पायथ्याशी सकाळी रसवाल्यांच्या गाड्या लागलेल्या असतात. दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर, गाजर-बीट आणि या सगळ्यांचं मिश्रण. टेकडी उतरून आलेली मंडळी आधी ग्लास हातात घेतात आणि मग गुडघेदुखीवर बोलायला लागतात. बाबांचा चौघांचा कंपू आहे. ग्लासाचे ३० रुपये, महिन्यातले २६ दिवस, म्हणजे ७८० रुपये.

दिवाळीनंतर बाबांचं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. डॉक्टरांनी वजन, रात्रीचा भात, गोड, व्यायाम असं बरंच सांगितलं. बाबांनी त्यातलं ‘बाहेरचं कमी करा’ एवढंच उचललं आणि घरी येऊन जाहीर केलं की आता रस घरीच काढायचा. त्याच संध्याकाळी त्यांच्या मोबाइलवर कोल्ड प्रेस ज्यूसरची जाहिरात आली. १४,५०० रुपये, हप्त्याची सोय.

मी भोसरीत एकवीस वर्षं प्रॉडक्शनमध्ये काढली आहेत. मशीन घ्यावं की नाही, हे ठरवणं हेच माझं काम. त्यामुळे हे प्रकरण आपसूक माझ्याकडे आलं. पुढे जे झालं ते जसंच्या तसं मांडतो आहे, कारण असाच प्रश्न घेऊन ऑफिसातले दोघं-तिघं नंतर माझ्याकडे आले आणि तेही पहिल्यांदा वॉटच विचारत होते.

मागणी

मशीन घ्यायचं तर आधी दुकानात जायचं नसतं. काम काय, रोज किती आणि चालवणार कोण, हे आधी कागदावर उतरवायचं. रविवारी चहाच्या वेळी सगळ्यांना विचारलं.

बाबांना रोज सकाळी एक ग्लास दुधी-कारलं हवं होतं. आईला वर-खाली दोन्ही कवळ्या आहेत. पेरू, सफरचंद, डाळिंब केव्हाच सुटलं. मोसंबीची फोड चावली की पापुद्रा कवळीखाली जातो, म्हणून तिला मोसंबीचा रस, तोही ‘कडू नसलेला’. अकरावीतल्या मुलीला एबीसी, म्हणजे सफरचंद-बीट-गाजर. मला स्वतःला काहीच नको होतं, पण नवं मशीन घरात येणार म्हटल्यावर मीही गाजराच्या बाजूने मत दिलं.

बायको म्हणाली, “मला रस नको. मला एवढंच सांगा, ते धुणार कोण?”

हा प्रश्न मी यादीत सगळ्यात खाली, ‘इतर’मध्ये टाकला.

मग तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, एक चक्कर मारली. दुकानदाराला कुठलं मशीन चांगलं हे विचारायचं नसतं, त्याला गल्ला भरणारं उत्तर द्यावंच लागतं. दुरुस्तीला काय काय येतं ते विचारावं. तो म्हणाला, ज्यूसर-मिक्सरचे कपलर, झाकणाची लॉकं आणि फाटलेल्या जाळ्या. “आणि कोल्ड प्रेस?” त्याने जरा विचार केला. “ते फारसं येत नाही. वापरलं तर येईल ना साहेब.”

त्याच आठवड्यात बायकोच्या बहिणीकडे तिचा कोल्ड प्रेस तीन आठवड्यांसाठी मागितला. हौसेने घेतलेला, आठ महिने खोक्यातच होता. ती म्हणाली, “भावजी, परत आणायची घाई नाही हं. ठेवूनच घ्या वाटलं तर.” कारखान्यात एखादा विक्रेता असं बोलला असता तर माझे कान तिथेच टवकारले असते. इथे मी खूश होऊन खोका गाडीत टाकला.

यंत्रं

रस काढण्याचे मुळात तीनच प्रकार, बाकी सगळं रंगरूप. किसून भिरकावायचं, दाबून पिळायचं किंवा फोड उलटी करून खोबणीवर फिरवायची.

माळ्यावरचा आमचा जुना ज्यूसर-मिक्सर पहिल्या जातीचा. तळाशी किसणीसारखी दातेरी चकती, भोवती जाळीची टोपली, सगळं मिनिटाला हजारो फेऱ्यांनी गरगरतं. कीस जाळीवर आपटतो, रस बाहेर फेकला जातो, चोथा आत राहतो. हवा भरपूर मिसळते म्हणून फेस येतो आणि ग्लास दहा मिनिटं ठेवला की वर गाळ, खाली पाणी.

कोल्ड प्रेस म्हणजे मोटर लावलेलं आडमुठं पुरणयंत्र. आत एक जाड स्क्रू मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्यांनी फिरतो आणि भाजी जाळीवर दाबत नेतो. मोटर अवघी दीडशे-दोनशे वॉटची. गिअरमुळे वेग पडतो आणि जोर वाढतो. म्हणून याचे वॉट आणि मिक्सरचे वॉट शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे रोड रोलर आणि मोटरसायकलची शर्यत लावणं. ‘कोल्ड’ या शब्दाचा मात्र फार गवगवा झाला आहे. जुन्या मशीनमधून दोन मिनिटांत निघालेला रस मी बोट घालून पाहिला, कोमटही नव्हता. आणि जाहिरातीतली ती ‘जिवंत एन्झाइम’? ती प्रथिनंच असतात. पोटातल्या आम्लात त्यांचं जे व्हायचं तेच होतं, मग ती पन्नास फेऱ्यांनी आलेली असोत की दहा हजार.

तिसरा प्रकार आईकडे होता. काचेची खोबणीची वाटी, तिच्या माहेरची. अर्धी मोसंबी उपडी ठेवायची आणि मनगटाने फिरवायची.

तीन आठवडे

एकेक आठवडा एकेक यंत्र. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रोज तीन कामांचा वेळ लिहायचा: चिरणं, रस, धुणं. शिवाय कोणी धुतलं आणि ग्लास पूर्ण संपला का.

पहिला आठवडा जुन्या मशीनचा. एक किलो गाजराचा ४२० मिली रस. चिरायला चार मिनिटं, रसाला दोन, धुवायला नऊ. आवाज असा की दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात विचारलं, “काम काढलंय का घरात?” मोसंबीला हे मशीन अगदीच नालायक ठरलं. साल काढली तरी पांढरा गर राहतो, बिया भरडल्या जातात आणि रस कडवट होतो. ठेवला तर आणखी कडू. आईने एक घोट घेतला आणि ग्लास बाबांकडे सरकवला.

दुसरा आठवडा कोल्ड प्रेसचा. त्याच गाजराचा ५४० मिली रस, दाट, फेस जवळजवळ नाही. चव खरोखर चांगली, त्यात वाद नाही. मुलगी खूश. आवाज इतका कमी की आत स्क्रूखाली गाजर कुरकुरताना ऐकू येतं. पण तोंड अरुंद म्हणून बारीक चिरायचं, सात मिनिटं. रस पाच. धुणं सात. किलोमागे १२० मिली जास्त मिळाले म्हणून मी लगेच हिशेब मांडला. रोज अर्धा किलो गाजर धरलं तर साठ मिली जास्त, म्हणजे जुन्या मशीनच्या मापाने १४३ ग्रॅम गाजर वाचलं. चाळीस रुपये किलोने पावणेसहा रुपये. साडेचौदा हजार सुटायला सात वर्षं.

ही झाली पैशाची बाजू, पण प्रकरण तिथे अडलं नाही. अडलं ते बुधवारी. मी ६.४० ला रस काढला, घाईत जाळी सिंकमध्ये टाकली, पाणी सोडायचं विसरलो आणि बस पकडली. बायको सव्वासातला शाळेत गेली. भांड्यांच्या मावशी साडेदहाला येतात. तोवर जाळीच्या प्रत्येक छिद्रात बीट वाळून बसलं होतं. मावशींनी जाळी स्टीलच्या काथ्याने घासली, बिचाऱ्या दुसरं काय करणार, आणि एका कडेला ती उसवली. संध्याकाळी मला ती ओट्यावर मांडून दाखवण्यात आली. कोणी काही बोललं नाही, आणि ते जास्त लागलं.

रात्री कॅलेंडर उतरवून बसलो. बारा दिवसांत धुण्याच्या रकान्यात माझं नाव दोनदा होतं. बायकोचं सहा, आईचं तीन, मावशींचं एक. ‘दोन मिनिटांत ताजा रस’ असं खोक्यावर छापलेलं. प्रत्यक्षात जुन्या मशीनवर दोन मिनिटांच्या जॉबला तेरा मिनिटांचं सेटिंग. आमच्याकडे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरची गोष्ट सांगतात, टोयोटात १९६९ साली त्यांनी हजार टनी प्रेसचा सेटअप चार तासांवरून तीन मिनिटांवर कसा आणला. मी ती स्वतः सांगितली आहे, फळ्यावर आकृती काढून. आणि घरी सायकल टाइम, म्हणजे नुसता मशीन चालण्याचा वेळ, बघून मशीन पसंत करत होतो. बायकोचा प्रश्न ‘इतर’मधून काढून यादीत पहिला लिहिला.

मेहुणीला नवी जाळी मागवून दिली. तिचा निरोप आला, “तुम्हीच ठेवा हो.”

चोथा

जाळीपेक्षा अवघड प्रश्न चोथ्याचा निघाला. किलोभर गाजराच्या रसामागे वाटीवर वाटी चोथा उरतो. पहिल्या दिवशी आईने थालीपिठात घातला, छान लागला. दुसऱ्या दिवशी पराठे. तिसऱ्या दिवशी कोशिंबीर, जिला चवच नव्हती. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, “रस प्यायचा आणि मग चोथाही खायचा, तर अख्खं गाजरच का नाही खायचं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांच्या डॉक्टरांनीही तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेत फळांच्या रसातली साखर मधातल्या आणि पाकातल्या साखरेच्याच गटात धरली आहे. अख्ख्या फळातली धरलेली नाही. ही मोकळी साखर दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांखाली ठेवा, जमलं तर पाच टक्क्यांखाली, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. २०० मिली मोसंबीच्या रसात सोळा-सतरा ग्रॅम सहज जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनाही रसापेक्षा फळ घ्या असंच सांगतात.

कारणही साधं आहे. १९७७ मध्ये ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी दहा जणांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, गर करून आणि रस काढून. साखर तिन्हींत सारखी. रस अख्ख्या सफरचंदापेक्षा अकरा पट वेगाने संपला, पोट सगळ्यात कमी भरलं आणि इन्सुलिन अख्ख्या सफरचंदापेक्षा जास्त चढलं. मी घरी मुलीवर घड्याळ लावलं. तीन मोसंब्या सोलून खायला तिला चौदा मिनिटं लागली आणि तिसरी तिने अर्धी सोडली. त्याच तिघींचा रस चाळीस सेकंदांत, आणि वर “अजून आहे?”

यातून आई वेगळी. तिच्या बाबतीत अख्खं फळ हा पर्यायच नव्हता. रस नाही तर काहीच नाही, अशी तिची गत. एकाच घरात एकाला रस कमी करायचा होता आणि दुसरीला चालू करायचा होता, आणि आम्ही दोघांसाठी एकच मशीन शोधत होतो.

दुधी

इथे थोडं थांबतो. बाकी चुकलं तर पैसे जातात, दुधीत चुकलं तर माणूस जातो.

दुधी, काकडी, कारलं, दोडका ही एकाच कुळातली वेलवर्गीय मंडळी. या कुळात क्युकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. आपण खातो त्या दुधीत ती नगण्य असतात, पण एखादं फळ कडू निघतं आणि बाहेरून ते अजिबात ओळखता येत नाही. भाजीत असा दुधी पहिल्या घासाला कळतो, माणूस ताट सरकवतो. रसात मात्र नाक दाबून ग्लास रिकामा होतो, कारण ‘औषध कडूच असतं’. मग तासा-दोन तासांत पोटात कळा, उलट्या, जुलाब, कधी रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं. यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही, लक्षणांवर उपचार करत राहायचं. देशात यात मृत्यू झाल्यावर आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, तज्ज्ञ समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये आला. सल्ला सरळ आहे: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू असेल तर अख्खा फेका, दुसऱ्या रसात मिसळू नका, आणि प्यायल्यावर त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा.

आता बाबांचा रोजचा ग्लास पाहा. दुधी आणि कारलं. दुधी बिघडला आहे हे सांगणारी एकच खूण कडू चव, आणि ती झाकायला सोबत कारलं. वर आवळा, पुदिना, लिंबू. गाडीवाल्याचा यात काही दोष नाही. लोक मागतात ते तो देतो. पण हे वाचून बाबा गप्प झाले. अशा बाबतीत ते सहसा गप्प होत नाहीत.

डॉक्टरांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची रक्तचाचणी, हेही पाहिलं. मूत्रपिंडं कमजोर असतील तर पालक-बीटचे पेले रोज रिचवू नयेत, पोटॅशियम आणि ऑक्झलेट दोन्हींचा भार पडतो. बाबांचं ठीक होतं.

निर्णय

तिसऱ्या आठवड्यात काचेची वाटी. तीन मोसंब्या, सगळं मिळून पाच मिनिटं, बिया वर राहतात, कडूपणा नाही, आणि धुणं म्हणजे नळाखाली एक हिसडा. सलग सात दिवस रस निघाला आणि सलग सात दिवस ग्लास संपला. असा हा एकच आठवडा. अडचण फक्त मनगटाची. पाचव्या दिवशी आई हात चोळताना दिसली.

म्हणून १,४५० रुपयांचा ४० वॉटचा साधा मोसंबी-ज्यूसर घेतला. दाबलं की फिरतो, सोडलं की थांबतो. तीनच भाग. घेताना दुकानात मी तो तिथल्या तिथे उघडून जोडून पाहिला, जाळीच्या कोपऱ्यात बोट पोचतं का ते पाहिलं, पाण्याचा थेंब मोटरच्या दांड्यावाटे खाली उतरेल का ते पाहिलं. दुकानदार म्हणाला, वॉरंटी आहे साहेब. मी म्हटलं, वॉरंटी मोटरची आहे, बोट माझं आहे.

आईला रोज सकाळच्या खाण्याबरोबर १०० मिली, तेही ताजं. बाबांची योजना रात्रीच लिटरभर काढून ठेवायची होती. ती गुंडाळून टाकली. घरच्या रसावर पाश्चरायझेशन झालेलं नसतं, आणि पिणारी सत्तरीतली. पपई आणि चिकू आई चमच्याने खाते. पेरू आम्ही वाफवून पुरणयंत्रातून काढतो, बिया वर राहतात, गर खाली येतो. ही युक्ती तिचीच, आणि माझ्या सगळ्या ट्रायलपेक्षा सरस.

मुलीचं एबीसी मिक्सरच्या भांड्यात होतं, न गाळता, ताक घालून, आठवड्यातून एकदा. दोन महिन्यांत तेही बारगळलं. आता ती गाजर हातात घेऊनच फिरते.

जुना ज्यूसर-मिक्सर परत माळ्यावर गेला. कोल्ड प्रेस मेहुणीला पोचवला, नव्या जाळीसकट. तिने तो तिच्या नणंदेला दिल्याचं परवा कळलं.

सहा महिन्यांनी

बाबांचं एचबीएवनसी ६.० आलं. मी पेढे आणायला निघालो होतो. डॉक्टर म्हणाले, ६.१ आणि ६.० मध्ये फरक धरू नका, एवढं तर मोजमापातच हलतं. वजन अडीच किलो कमी झालं आहे त्याचं कौतुक करा, आणि ते रात्रीच्या भाताने झालं आहे.

एक गोष्ट मी मागणी लिहितानाच विचारायला हवी होती. महिनाभर गाडीपासून लांब राहून बाबा कंटाळले. टेकडीवर ते जात होते, पण गाडीपाशी न थांबता खाली मान घालून घरी येत होते. चौघांचा कंपू गाडीभोवतीच जमायचा, आणि ग्लास हातात नसला की उभं राहायला निमित्त उरत नाही. तीस रुपये रसाचे नव्हतेच, कट्ट्याचे होते. आईला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग सांगितलं का नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, “तू रकाने भरत होतास.”

आता ते आठवड्यातून दोनदा गाडीवर थांबतात. आवळा-आलं-पुदिना, पाणी घालून, मध नाही. आणि कंपूतलं कोणी दुधी सांगितला की बाबा मध्ये पडतात: आधी एक चकती कापून दे, मी चाखतो. पहिल्या दिवशी गाडीवाला वैतागला होता, सकाळची गर्दी आणि हे काय नवीन. परवा रविवारी मी सोबत होतो. आम्हाला येताना पाहिल्यावर त्याने सुरी उचलली, न सांगता दुधीची पातळ चकती कापली आणि बाबांच्या हातावर ठेवली. मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, “हा प्रसाद आहे का? मलाही द्या.”